रिजेक्शनच्या पेटीतली पीएचडी

१७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरच्या एचएएल या सरकारी विमान कारखान्यात तेजसच्या तिसऱ्या उत्पादन साखळीचं उद्घाटन झालं आणि नाशिकला तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तीनच आठवड्यांपूर्वी मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झालं होतं. तेही ओझरचंच, १९६४ मध्ये हा कारखाना उभा राहिला तोच मिगसाठी. त्यामुळे आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर त्या दिवशी व्हिडिओंचा नुसता पाऊस. संध्याकाळी कुणीतरी विचारलं, ‘इंजिन कुठलंय रे?’ आणि रंगाचा बेरंग झाला. इंजिन जीईचं, अमेरिकेचं, एफ-४०४. ते वेळेवर येत नाही म्हणून तेजसची अख्खी ऑर्डर रखडलेली, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. मग नेहमीचं सुरू झालं. एक म्हणतो, आपल्याला साधं इंजिन जमत नाही. दुसरा दायमाबादचा रथ काढतो: चार हजार वर्षांपूर्वी शेजारच्या नगर जिल्ह्यात आपण ब्राँझ ओतत होतो! आणि तिसरा माझं नाव टॅग करून लिहितो, ‘हे बघा, आपले शास्त्रज्ञ इंग्लंडात बसलेत.’

दुसरा वाद थोडा जुना, पण विझलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत सारथी या सरकारी संस्थेकडून पीएचडीसाठी मिळणाऱ्या फेलोशिपचा विषय निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचं बोलून गेले आणि राज्यभर गदारोळ झाला. फेलोशिपच्या जागा, रखडलेले हप्ते, आंदोलनं हे सगळं त्यानंतरही अधूनमधून बातम्यांत येतच असतं.

घरी हे दोन वाद वेगवेगळे चालतात. पहिल्यात देशाभिमान, दुसऱ्यात सरकारी तिजोरी. इथे इंग्लंडात, शेफिल्डमध्ये पीएचडीसाठी टायटॅनियमच्या तुकड्यांवर दिवस काढताना मला ते एकच वाटतात.

कारण इंजिन अडतं ते धातूपाशी. विमानात सर्वांत जास्त वापरला जाणारा टायटॅनियमचा मिश्रधातू म्हणजे सिक्स-फोर. सहा टक्के ॲल्युमिनियम, चार टक्के व्हॅनेडियम, बाकी टायटॅनियम. हे प्रमाण कुठल्याही पाठ्यपुस्तकात छापलेलं आहे, त्यात काहीच गुपित नाही. गुपित पुढे आहे. साधारण ९९५ अंश सेल्सिअसला या धातूची आतली रचना पालटते. त्याच्या जरा खाली फोर्जिंग केलं, म्हणजे तापवून दाबून घडवलं, तर गोलसर कण मिळतात, वर गेलं तर पात्यापात्यांची वीण. पहिली रचना पुन्हापुन्हा येणारा ताण जास्त सोसते, दुसरी पडलेला तडा पुढे सरकू देत नाही. तुम्हाला कुठे काय हवं, किती वेळ भट्टीत ठेवायचं, किती वेगानं थंड करायचं, मोठ्या तुकड्याचा गाभा आणि साल एकसारखे कसे ठेवायचे, हे पुस्तकात नसतं.

मग मशिनिंग. ॲल्युमिनियम कापताना उष्णता चिपबरोबर, म्हणजे निघणाऱ्या किसाबरोबर, आणि जॉबमधून, म्हणजे कापायच्या भागातून, निघून जाते. टायटॅनियम उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती बहुतेक इन्सर्टच्या, म्हणजे कापणाऱ्या दाताच्या, टोकाशी साठते. टोक जळतं, धातू त्याला चिकटतो, स्पीड वाढवावा तर टूल गेलं. बरं, भाग निघाला, चकचकीत आहे, गेजला बसतोय, पण पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनपर्यंत कण ओढले-मुडपले गेलेले असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, मायक्रोमीटरलाही कळत नाहीत. विमानानं हजारो वेळा उड्डाण केल्यावर तडा मात्र तिथूनच जातो. माझं बहुतेक काम म्हणजे असे खराब झालेले तुकडे कापायचे, घासायचे, ॲसिडनं कोरायचे आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं की बिघडलं नेमकं कुठे.

टर्बाइनच्या पात्यांची तर गोष्टच निराळी. निकेलच्या मिश्रधातूची ती पाती ज्या वायूत फिरतात, त्याचं तापमान त्या धातूच्या वितळणबिंदूच्याही वर असतं. आतून हवा खेळवून, बाहेरून सिरॅमिकचा लेप देऊन आणि अख्खं पातं एकाच स्फटिकाचं ओतून ते टिकवतात. २०२१ मध्ये हैदराबादच्या डीएमआरएल या संरक्षण धातुशास्त्र प्रयोगशाळेनं हेलिकॉप्टरच्या इंजिनासाठी अशी ६० पाती घडवून एचएएलला दिली. ही बातमी आमच्या ग्रुपवर कुणी टाकली नव्हती. तेजससाठीच्या कावेरी या देशी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला आणि २००८ मध्ये तेजसपासून वेगळा केला गेला, हे अपयश सगळ्यांना पाठ. पण त्या अपयशातूनच असे धातू ओतायला शिकणारी माणसं तयार होतात, हे कुणी म्हणत नाही.

आता परदेशाचं. ‘तिकडून शिकून ये आणि इथे सुरू कर’ हे वाक्य मला सुट्टीत हमखास ऐकवलं जातं. त्यात गृहीत असं की ज्ञान इथे फळीवर ठेवलेलं आहे, उचलून बॅगेत टाकायचं. वस्तुस्थिती अशी की धातुशास्त्रात पीएचडी करायला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला व्हिसाच्या आधी इथल्या परराष्ट्र खात्याची ॲटास नावाची मंजुरी लागते. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया किंवा युरोपीय संघाच्या नागरिकांना ती लागत नाही. मंजुरी मिळून आत आल्यावरही काही दरवाजे बंदच असतात. मला हवा असलेला एक विषय एका कंपनीच्या पैशातून होता. पारपत्र बघून मला दुसरा सुचवण्यात आला. यात कुणाला दोष देण्यासारखं काही नाही. आपल्या पैशातून, आपल्या विमानासाठी कमावलेली माहिती कोणता देश दुसऱ्याला देईल? पण मग तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या करारावर आणि परतणाऱ्या मुलांवर घरी एवढी भिस्त का ठेवतात, हे मला कळत नाही.

इथून शिकण्यासारखं आहे ते वेगळंच आहे, आणि त्याला कुलूप नाही. शेफिल्डजवळ ऑरग्रीव्ह नावाचं ठिकाण आहे. १९८४ च्या संपात खाणकामगार आणि पोलिसांची इथेच मोठी धुमश्चक्री झाली होती. तिथला कोकचा कारखाना पुढे बंद पडला. त्याच पट्ट्यात आता उद्योगांचं पार्क आहे. २००१ मध्ये विद्यापीठानं बोइंगबरोबर सुरू केलेलं एएमआरसी हे उत्पादन-संशोधनाचं केंद्र तिथे आहे, आणि रोल्स-रॉइसची एकस्फटिकी पाती ओतणारी फाउंड्रीही. अशा केंद्रांचा खर्च ढोबळमानानं तीन हिश्श्यांत विभागलेला असतो: एक हिस्सा सरकारचा, एक स्पर्धेतून मिळवलेल्या संयुक्त संशोधनाचा, एक उद्योगांनी थेट दिलेल्या कामाचा. म्हणजे संशोधकाला कारखानदाराकडे जावंच लागतं, आणि कारखानदाराला सगळा भार उचलावा लागत नाही. वीस-पंचवीस माणसांचं वर्कशॉप चालवणारा मालक इथे आपलं फुटलेलं टूल घेऊन येतो आणि त्यातून कुणाच्या तरी प्रबंधाचं एक प्रकरण निघतं.

हे ऐकून कुणी इंग्लंडला डोक्यावर घेऊ नये. १९१३ मध्ये ज्या गावात हॅरी ब्रेअर्लीनं स्टेनलेस स्टील शोधलं, त्या गावची पोलादाची भरभराट कधीच ओसरली. शेफिल्ड फोर्जमास्टर्स ही अणुपाणबुड्यांसाठी अवजड भाग घडवणारी कंपनी २०२१ मध्ये संरक्षण खात्याला विकत घ्यावी लागली. संशोधक विद्यार्थ्याला सरकारी विद्यावेतन २०२५-२६ साठी वर्षाला २०,७८० पौंड होतं. रुपयांत मोठं वाटतं, पण घरभाडं आणि हीटिंग भरल्यावर भारतातल्या ३७,००० रुपये महिना जेआरएफ या संशोधन फेलोशिपपेक्षा माणूस फार सुखात असतो असं नाही. तिथे निदान आईच्या हातचं जेवण मिळतं.

तर दिव्यांच्या वादाकडे. फेलोशिपची बाजू घेणाऱ्यांशी मी सहमत आहे, आणि तरीही मला त्यांची तक्रार अर्धीच वाटते. दोन्ही बाजूंनी बोलणं चालतं ते किती मुलांना आणि किती पैसे यावर. विषय कोणता होता, तो प्रश्न मुळात कुणाचा होता, उत्तर कुणी वापरलं, हे ना मंत्री विचारतात ना आंदोलक. अभियांत्रिकीतले कितीतरी प्रबंध मी पाहिलेत, ज्यांत परदेशातल्या शोधनिबंधातलाच प्रयोग थोडे आकडे बदलून पुन्हा केलेला असतो. मुलाचा त्यात दोष नाही. त्याच्यापुढे दुसरा प्रश्न कुणी ठेवलाच नव्हता.

आणि प्रश्नांची खाण तर नाशिकमध्येच आहे. सातपूर आणि अंबडला विमानाचे, गाड्यांचे, स्विचगिअरचे भाग करणारी असंख्य छोटी युनिट्स आहेत. इनकोनेलला, म्हणजे निकेलच्या मिश्रधातूला, हात घातला की ते कापता कापताच कडक होत जातं, दुसरा कट पहिल्यापेक्षा जड जातो, हे तिथला आठवी शिकलेला सेटर, म्हणजे मशिन लावून देणारा कामगार, मला शिकवू शकतो. कुठल्या इन्सर्टला कुठल्या बॅचचा माल सोसत नाही, पावसाळ्यात कुठल्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडून वाकलेले जॉब येतात, सगळं त्याच्या डोक्यात असतं. तो कंपनी सोडून चाकणला गेला की तेही गेलं. बिघडलेला तुकडा रिजेक्शनच्या लाल पेटीत पडतो, तिथून भंगारात, आणि तो का बिघडला हेही त्याच्याबरोबर भंगारात. धातुशास्त्र शिकायचं तर नाशिकचं पोर पुण्याला सीओईपीत, मुंबईला आयआयटीत, नाहीतर नागपूरला व्हीएनआयटीत जातं. या लाल पेटीशी त्याची गाठ पडतच नाही.

गेल्या सुट्टीत मी हे मामाला सांगितलं. त्याच्या अंबडच्या युनिटमध्ये दोन व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारी संगणकी यंत्रं, आहेत. म्हटलं, ‘मामा, एक पीएचडीचा विद्यार्थी तुझ्याकडे बसव. पगार फेलोशिपमधून, तुला खर्च नाही. फक्त रिजेक्ट झालेले तुकडे त्याला दे.’

तो हसला. म्हणाला, ‘माल माझा कुठे आहे? मटेरियल कस्टमरचं, ड्रॉइंग कस्टमरचं. टायटॅनियमचा रिजेक्ट पीससुद्धा मोजून, कापून, नोंद करून परत द्यायचा असतो. फीड बदलायचा तरी मेल टाकावा लागतो. तुझ्या पोराला काय देऊ, चहा?’

त्याचं म्हणणं बिनतोड आहे, आणि ‘उद्योगांनी संशोधनात पुढे यावं’ अशा भाषणांत ते कधीच येत नाही. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर जॉबवर्क करणाऱ्याला प्रयोग करण्याची मुभाच नसते, तो गरीब असो की श्रीमंत. म्हणून सुरुवात मामानं करायची नाही. ज्याच्याकडे ड्रॉइंगही आहे आणि मालही, त्यानं करायची, आणि नाशिकमध्ये तो सरकारी मालकीचाच आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींचा आराखडा २०२३ मध्ये मांडला गेला, त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्रातून यावा अशी अपेक्षा आहे. तो पैसा येईल तेव्हा येवो. ओझरनं आपल्या पुरवठादारांकडच्या नाकारलेल्या भागांपैकी ज्यांत गोपनीय काही नाही, तेवढे नंबर टाकून, कोणत्या मशिनवर कसे झाले त्या नोंदीसह विद्यापीठांना द्यायला सुरुवात केली, तर त्याला नवी इमारत लागत नाही की परदेशी करार. सारथी, बार्टी आणि महाज्योती या फेलोशिप देणाऱ्या सरकारी संस्थांच्या अभियांत्रिकीच्या अर्जात हा प्रश्न कोणत्या कारखान्यातून आला, एवढा एक रकाना वाढवायला तर शासन निर्णयही फार मोठा लागणार नाही. मामाचं एवढंच म्हणणं आहे की विद्यार्थी पाठवलात तर शिफ्टच्या वेळेत पाठवा, आणि त्यानं सेटरला ‘तुम्ही’ म्हणावं.