'बॅथरी'ची खरखर: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

'बॅथरी' या स्वीडिश मेटल बँडच्या १९८४ सालच्या पहिल्या अल्बमवर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही तीन गोष्टी सुनावल्यात. हा आवाज पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा आहे. पैसे नव्हते म्हणून रेकॉर्डिंग खराब झालं, आणि मी त्याला 'मुद्दाम ठेवलेला कच्चेपणा' म्हणून डोक्यावर घेतलं. आणि हेच आपल्या कोल्हापूरच्या पोरांनी केलं असतं तर मी ढुंकूनही बघितलं नसतं. वीस वर्षं साउंडच्या धंद्यात काढलेला माणूस बोलतोय, त्याला दोन ओळींत वाटेला लावणं मला पटेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

दुसऱ्या मुद्द्यात तुम्ही माझी चूक बरोबर पकडलीत. हा अल्बम स्टॉकहोममध्ये, गॅरेजचा स्टुडिओ केलेल्या जागेत रेकॉर्ड झाला. गाणारा आणि गिटार वाजवणारा क्वॉर्थन तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याआधी अनेक बँडच्या गाण्यांच्या एका संकलनात त्यांची दोन गाणी आली होती आणि ऐकणाऱ्यांची सगळ्यात जास्त पत्रं त्या दोन गाण्यांनाच आली, म्हणून अल्बमची संधी मिळाली. अशा वेळी कुठला पोरगा मुद्दाम खराब रेकॉर्ड करेल? जे हाताशी होतं त्यात केलं. 'मुद्दाम' हा शब्द लेखातून काढून टाकलाय.

पण परिस्थितीनं तसं करायला लावलं म्हणून ते वाईट, हे काही मला मान्य नाही. हेडफोन लावून अल्बम एकदा पहिल्यापासून ऐका. आधी कितीतरी वेळ नुसता घोंगावणारा वारा आणि मग एकदम गिटार अंगावर येते. खर्ज जवळजवळ नाहीच. गिटारची खरखर आणि झांजांची सळसळ एकाच पट्टीत येऊन एकमेकांत मिसळतात, आणि क्वॉर्थनचा घोगरा आवाज त्यांच्या मागून, लांबून कुणी ओरडावं तसा येतो. तुम्ही मिक्स करताना प्रत्येक वाद्याला आपापली जागा करून देता. इथं ती जागाच नाही, आणि म्हणून भीती वाटते. कोण कुठून येतंय ते कळत नाही. हाच आवाज स्वच्छ केला तर उरेल ते साधं, वेगवान हेवी मेटल, आणि ते त्या काळात इतरही बँड करत होते.

तुमच्या 'पैसे नव्हते' याचं खरं उत्तर मात्र नंतरच्या लोकांनी दिलं. नॉर्वेच्या 'डार्कथ्रोन' या बँडनं १९९१ साली आलेला 'सोलसाइड जर्नी' हा पहिला अल्बम स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केला. डेथ मेटल या मेटलच्या आणखी जड प्रकारासाठी तेव्हा याहून नावाजलेली जागा क्वचितच असेल. आवाज भरीव, वाजवणं अवघड. पुढच्याच वर्षी त्यांनी ते सगळं सोडून 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' काढला, तो थेट 'बॅथरी'च्या वाटेनं जाणारा, रखरखीत. ज्यांना चांगलं रेकॉर्डिंग जमत होतं आणि परवडतही होतं, त्यांनी ते बाजूला ठेवलं. एकानं नाइलाजानं शोधलेली गोष्ट दुसऱ्यानं विचार करून उचलली. आजचे बँड अशा रखरखीत आवाजाला 'पारंपरिक' म्हणतात ती परंपरा हीच.

आता आपल्याकडचं. खासबाग मैदानात निकाली कुस्ती लागली की हलगी कशी चढते, ते तुम्हाला मी सांगायला नको. वाजवणारे आधी कागद पेटवून कातडं शेकतात, मग कडक टणत्कार निघतो. त्याला खर्ज नाही, गोलाई नाही, कानाला बोचतो. तुम्ही मैदानाला साउंड दिला असेल, तर हलगीचा तो तिखटपणा कधी कमी करावासा वाटला का? मला तरी कल्पना करवत नाही. जोडी भिडल्यावर अंगावर काटा आणतो तो तोच बोचरा आवाज.

आणि कोल्हापूरच्या पोरांचं म्हणाल, तर मी ऐकलंय. गेल्या पावसाळ्यात उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या माळ्यावर चौघं वाजवत होती. खाली लेथ बंद, जिन्यापर्यंत ऑइलचा वास, डोक्यावर पत्रा. एकच मोबाइल हुकाला टांगून त्यांनी अख्खी प्रॅक्टिस रेकॉर्ड केली. मधल्या एका संथ तुकड्यात सर आली आणि पत्र्यावरचा पाऊस गिटारवर असा बसला की ड्रमवाल्यानं ठोका त्याच्या लयीत घेतला. नंतर पैसे जमवून ती एका स्टुडिओत गेली. तिथं प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर सरळ रेषेत आणला, गिटार घासूनपुसून लखलखीत केली. परत येऊन त्यांच्यातला एकजण मला विचारत होता, "दादा, ह्यात आम्ही कुठं हाय?"

मोबाइलवरचं ते रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. पोरांनी हो म्हटलं की तुम्हाला ऐकवतो, आणि ते तुमच्या मोठ्या बॉक्सवर ऐकायला मला आवडेल. 'बॅथरी'त ड्रम मागे पडलेत, हे मात्र खरं. त्याबद्दल मी तुमच्याशी वाद घालणार नाही.