लघवी मोजता, मग ताटात उरलेलं कोण मोजणार?

हॉस्पिटलमध्ये दर काही तासांनी लघवीची पिशवी बघून आकडा लिहिला जातो. ताप, बीपी, साखर, ऑक्सिजन, सगळ्याची नोंद होते. आणि माणसाच्या पोटात दिवसभरात काय गेलं त्याची? ‘डाएट टेकन’. सकाळ, दुपार, रात्र, एकाच अक्षरात, एकाच पेनाने, ‘डाएट टेकन’. खोटं आहे हे! बाबांनी वरणभाताचे दोन घास खाल्ले आणि मान फिरवली. कॅन्टीनचा मुलगा आला आणि भरलेलं ताट तसंच उचलून घेऊन गेला. त्याला कुणी विचारत नाही, तो कुणाला सांगत नाही. अन्न बादलीत आणि चार्टवर मात्र जेवण झालेलं.

सिस्टरना सांगायला गेलं की एकच उत्तर, “सलाइन चालू आहे ना, मग कशाला काळजी करता?” तळपायाची आग मस्तकात जाते हे ऐकून. नॉर्मल सलाइन म्हणजे मीठ-पाणी. त्यात कॅलरी शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराच्याही आत कॅलरी, आणि प्रोटीनचा कण नाही. साठ किलोच्या आजारी माणसाला दिवसाला १५०० ते १८०० कॅलरी लागतात, प्रोटीन सत्तरेक ग्रॅम. त्या बाटल्यांवर माणूस तगेल, असं नर्सिंग शिकलेल्या माणसाने नातेवाइकांना सांगावं? आपल्याकडे आधीच लोकांना वाटतं की सलाइन लावली म्हणजे ताकद आली. तो गैरसमज हॉस्पिटलनेच पोसायचा?

वजनाचं तर विचारूच नका. अ‍ॅडमिशनच्या वेळी विचारलं, “अंदाजे किती असेल?” आम्ही घाबरलेल्या अवस्थेत साठ म्हणालो. लिहिलं साठ. काट्यावर कुणीच उभं केलं नाही. त्याच अंदाजावर औषधांचे डोस! अ‍ॅमिकासिनसारखं अँटिबायोटिक किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने देतात, जास्त झालं तर किडनी आणि कान दोन्हींना धोका. डिस्चार्ज कार्डावरही तेच साठ छापून आलं. घरी आल्यावर केमिस्टच्या काट्यावर भरले त्रेपन्न.

मध्येच एक ज्युनियर डॉक्टर म्हणाले, “वजन फारसं उतरलेलं दिसत नाही.” अहो, पाय बघा ना! बोट दाबलं तर खड्डा पडत होता. अंगात एक लिटर पाणी साठलं की वजन एक किलोने वाढतं. आत स्नायू झिजतात आणि वरून माणूस भरलेला दिसतो. म्हणून तर वजन दर आठवड्याला करायचं आणि सूज आहे की नाही ते शेजारी लिहायचं. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन कमी आलं की प्रोटीन पावडरचा डबा लिहून द्यायचा आणि मोकळं व्हायचं, याला लक्ष देणं म्हणत नाहीत. अल्ब्युमिन इन्फेक्शननेही खाली येतं.

“पेशंट उभा राहत नाही, वजन कसं करणार?” खुर्चीचा काटा असतो, पलंगाचा काटा असतो. नसेल तर टेप घ्या आणि दंडाचा घेर मोजा. मोठ्या माणसात २३.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर सावध व्हायचं, इतकं सोपं आहे. आमच्या गावची अंगणवाडीताई तुटपुंज्या मानधनावर दर महिन्याला पोरांची वजनं करते, दंड मोजते, वहीत लिहिते. तिला जमतं, आणि संगमरवरी लॉबीवाल्या हॉस्पिटलला जमत नाही?

त्यात ते उपाशी ठेवणं. सीटी स्कॅनसाठी रात्रीपासून तोंडात काही नाही. दुपारी कळतं, आज नंबर नाही, उद्या. तोवर जेवणाची गाडी निघून गेलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हे उपाशी तास कुठेच लिहिलेले नसतात.

माझा राग एकट्या सिस्टरवर नाही. रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एकीच्या अंगावर टाकणाऱ्या मॅनेजमेंटवर आहे. दवाखान्यात पेशंटची उंची-वजन नोंदवत नाहीत, तो उपाशी राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, हे अमेरिकेत डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलंय. लांब कशाला, आपल्या झारखंडातल्या क्षयरुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. वजनाचा काटा म्हणजे उपचाराचाच भाग आहे, हे अजून किती वेळा सिद्ध करायचं?

आणि बिलात ‘डाएटिशियन व्हिजिट’चे पैसे लावलेत. रोजचे. त्या व्हिजिटला केलेलं वजन आणि ताटात किती उरलं त्याची नोंद, एवढा एक कागद मला दाखवा. मग मागा पैसे.