तहातली सोयरीक आणि नायिकेचा नकार : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

युद्धाच्या काळात तहापोटी ठरलेले राजघराण्यातील लग्न आणि त्यातून उमलणारे प्रेम, अशा कुमारवयीन वाचकांसाठीच्या अद्भुतरम्य कथांची मी घेतलेली बाजू आपल्याला पटलेली नाही. या कथा सक्तीच्या लग्नाला प्रेमाचा मुलामा देतात आणि युद्ध त्यांत केवळ नेपथ्यापुरते येते, असे आपले दोन आक्षेप आहेत. शेवटी आपण विचारले आहे की, पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती असे पुस्तक द्यावे का.

प्रत्यक्ष इतिहासात अशा लग्नांतून मुलींची देवघेवच झाली, हे आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. १३९६ मध्ये फ्रान्सच्या इझाबेलाचे इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डशी लग्न लागले, तेव्हा तिला सात वर्षेही पूर्ण झाली नव्हती; त्या सोयरिकीच्या जोडीला दोन्ही राज्यांत २८ वर्षांचा युद्धविराम ठरला होता. तिची धाकटी बहीण कॅथरीन हिची गोष्ट तर अधिकच बोचरी आहे. मे १४२० मध्ये फ्रान्समधील त्र्वा या शहरी झालेल्या तहाने तिचा हात इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीला दिला आणि त्याच तहाने तिच्या सख्ख्या भावाचा फ्रान्सच्या गादीवरील हक्क काढून घेतला. २ जूनला लग्न झाले आणि दोनच दिवसांत नवरदेव सैन्य घेऊन तिच्या याच भावाच्या पक्षाकडे असलेल्या सांस या शहराला वेढा घालायला निघाला. अठरा वर्षांच्या त्या मुलीला तेव्हा काय वाटले असेल, याला तहाच्या कलमांत जागा नव्हती.

चांगली कादंबरी नेमकी ही जागा भरून काढते, आणि म्हणूनच तिच्यात युद्ध हे नेपथ्य राहत नाही. माहेर आणि सासर एकमेकांविरुद्ध लढत असताना घरी पाठवलेले साधे खुशालीचे पत्रसुद्धा हेरगिरी ठरू शकते. राजपुत्र मोहिमेचा नकाशा मेजावर उघडा टाकून दालनाबाहेर जातो, असा एक प्रसंग कल्पून पाहा. हा विश्वास आहे की सापळा, हे नायिकेला ठाऊक नाही; नकाशा पाहून वडिलांना कळवले तर नवऱ्याचे सैनिक मरतील, आणि गप्प राहिले तर ज्यांच्या अंगाखांद्यावर ती वाढली ती माणसे मरतील. अशा वेळी तिने घेतलेला निर्णय मला दहा गोड संवादांपेक्षा प्रेमाविषयी अधिक सांगतो, कारण त्याची किंमत तिला खरोखर मोजावी लागते.

आता सक्तीविषयी. लग्न सक्तीने झाले आहे एवढ्यावरून मी कथा नाकारत नाही. त्या लग्नातून बाहेर पडण्याची वाट नायिकेला केव्हा मिळते आणि ती वाट उघडी असताना प्रेमाची कबुली येते का, हे मी पाहते. अद्भुतकथेचा इथे मोठा उपयोग होतो. वास्तवात दबाव रिवाजाच्या आणि मोठ्यांच्या शब्दांआड लपतो. इथे तोच दबाव रक्ताची शपथ किंवा मंत्राचे बंधन होऊन डोळ्यांसमोर उभा राहतो, त्यामुळे तो तोडता येतो आणि तोडल्यावर काय उरते हेही दाखवता येते. तह मोडला, बंधन सुटले, दारात घोडा तयार आहे आणि राजपुत्र तिला थांबवत नाही, अशा क्षणी ती राहिली तर ते राहणे तिचे स्वतःचे असते. ती निघून गेली तरी कथा फसली असे मी मानणार नाही. उलट काही वेळा तोच अधिक प्रामाणिक शेवट असतो.

हे सगळे गाळून, शत्रूचा मुलगा भीती वाटली होती तितका क्रूर निघाला नाही एवढ्याच भांडवलावर त्याला प्रियकर ठरवणाऱ्या कथाही पुष्कळ आहेत. छळ न करणे हा गुण नव्हे, ती किमान अपेक्षा आहे, आणि जी लेखिका किंवा लेखक हा फरक करत नाही त्याच्यावरचा आपला राग मला रास्त वाटतो. मात्र त्या पुस्तकांचा दोष संपूर्ण प्रकारावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती अशी कथा जरूर द्यावी, पण आधी स्वतः वाचून. नायिकेचा नकार नवऱ्याने एकदा तरी ऐकून घेतला आहे आणि त्यानंतर तो तसा वागलाही आहे, असे प्रकरण त्यात सापडले नाही, तर ते पुस्तक मीही तिला देणार नाही.