लेखी द्या

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. बी विंगमध्ये कानातले हरवलेत, कामाला येणाऱ्या मुलीवर संशय. खाली एकाने लिहिलं, "तासभर चौकीत बसवा, आपोआप बोलेल. नाहीतर येतीलच मानवाधिकारवाले मधे." त्यावर अकरा अंगठे! त्यातले चार जण दिवाळीत माझ्याकडे फराळाला येतात.

चहा तसाच ठेवून लिहायला बसलेय.

माझ्याकडच्या मावशींना २०२२ मध्ये असंच 'बसवलं' होतं. त्या काम करायच्या त्या दुसऱ्या एका घरातली पाटली गेली होती. दुपारी चारला बोलावलं ते रात्री साडेनऊपर्यंत बाकावर. नोटीस नाही, अटक नाही, फोन काढून घेतलेला. त्यांच्या मुलीचा रडत फोन आला तशी मी वकील मैत्रिणीला घेऊन गेले. तिने एवढंच विचारलं, "साहेब, अटक केलीय का? नसेल तर का थांबवलंय ते लेखी द्या."

दहा मिनिटांत मावशी बाहेर.

साडेपाच तास मावशी वेगळं काय सांगत होत्या? "साहेब, घरी जाऊ द्या, पोरगी एकटी आहे." त्यांना उत्तर मिळालं, "गप बस." कायदा दोघींना एकच होता हो! बाईला साक्षीदार म्हणून जबाबाला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या घरी जायचं. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६० होतं, १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १७९ आहे. संशयित म्हणून बोलवायचं तर लेखी नोटीस द्या. अटक केलीत तर नातेवाइकांना कळवा, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करा.

हे कुणी फुकट दिलेलं नाही. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून पश्चिम बंगालमध्ये कायदेविषयक मदतीचं काम करणाऱ्या डी. के. बसूंनी १९८६ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यातून १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. ग्रुपवर ज्यांना हिणवलंत ना, ते मानवाधिकारवाले असे असतात.

पोलिसांवर कामाचा ताण असतो, मान्य. चोरीचा तपासही व्हायलाच हवा. पण म्हणून बाकावर बसवून ठेवायचं?

मला कुणीतरी विचारणारच, पाटली सापडली का? माहीत नाही. मी विचारलंही नाही. समजा, मावशींनीच घेतली होती. तरी ते साडेपाच तास बेकायदाच.

मला राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करायची होती. अर्ज लिहूनही ठेवला होता. आयोग शिफारसच करू शकतो, हेही ठाऊक होतं, तरी कागदावर यायला हवं होतं. मावशी म्हणाल्या, "नको ताई. बाकीची तीन घरं जातील माझी." मी चिडले त्यांच्यावर. घटनेला वर्ष उलटलं की आयोग तक्रार घेत नाही. ते वर्ष माझ्या ड्रॉवरमध्ये गेलं.

आता लिहिताना वाटतंय, चिडायला नको होतं. माझं एकही घर जाणार नव्हतं.

अकराला मावशी आल्या. मी ग्रुपवरचं सांगायला लागले तर म्हणाल्या, "कळलंय मला. काल रात्रीच गेले होते तिच्याकडे." बी विंगमधली ती मुलगी त्यांच्याच वस्तीतली. वय असेल एकोणीस-वीस. मावशींनी तिच्या मोबाइलमध्ये १५१०० हा कायदेशीर मदतीचा नंबर टाकून दिलाय, शिवाजीनगर कोर्टात बाईमाणसाला फुकट वकील मिळतो तेही सांगितलंय.

"आणि म्हटलं, कुणी बोलावलं तर रडायचं नाही. आधी म्हणायचं, लेखी द्या. दोनदा म्हणून घेतलं तिच्याकडून."

मग भांडी घासायला गेल्या.