आधी सावली, मग सायकल ट्रॅक

एप्रिल उजाडला की आमच्या सायकल ग्रुपवर दरवर्षी तोच वाद रंगतो, राइड बंद ठेवायच्या का? माझं मत पक्कं आहे. ठेवू नयेत. पुण्याची उपनगरं कुठे राहण्यासारखी उरली आहेत आणि कुठे नाहीत, हे उन्हाळ्यातल्या सायकलवर जेवढं कळतं तेवढं गाडीच्या काचा वर करून कधीच कळत नाही.

गेल्या रविवारचंच सांगते. कोथरूडहून पहाटे निघालो, चांदणी चौकाचा चढ ऊन व्हायच्या आत चढून टाकला आणि बावधन, सूस करत बालेवाडी गाठली. तोवर हवा झकास होती. मिसळ, चहा आणि गप्पा यांत वेळ गेला आणि परतीला निघालो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

बालेवाडीहून विद्यापीठ चौकात यायला बाणेर रोड सरळ पडतो. सायकल चालत असते तोवर ऊन सोसतं, कारण वाऱ्याने घाम वाळतो. खरा मार बसतो तो सिग्नलला. वारा थांबतो, खालून डांबर तापवतं आणि शेजारच्या बसचं इंजिन पायावर गरम वाफ सोडतं. एका सिग्नलला बघितलं, तर सगळे दुचाकीवाले पांढऱ्या पट्टीच्या बरेच मागे, रस्त्याकडेच्या एकुलत्या एक करंजाखाली दाटीवाटीने उभे होते. स्कूटीवरच्या एक काकू स्वतः पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "या गं, इकडे या सावलीत." पुढची सगळी जागा रिकामी, नि त्या एवढ्याशा सावलीत वीसेक माणसं! नागपुरात तर उन्हाळ्यात दुपारचे काही सिग्नल बंदच ठेवतात, ते उगीच नाही.

तिथून थोडं पुढे आलो तर आमच्या एका मैत्रिणीच्या दंडावर काटा आला. एवढ्या उन्हात थंडी वाजल्यासारखं झालं तर ते अंगावर काढायचं नसतं. तिला एका दुकानाच्या पायरीवर बसवलं, मानेवर पाणी ओतलं, मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. तिच्या जर्सीवर पाठभर मिठाचे पांढरे डाग उमटले होते. ती सावरल्यावर ग्रुपमधल्या सरांनी, आमच्यात वयाने तेच मोठे, एकच प्रश्न विचारला, "सावली कुठल्या रस्त्याला आहे?" आम्ही लिंक रोडने पाषाणकडे वळलो. वळसा पडला, पण कुणी कुरकुर केली नाही. तिला मधे घेतलं आणि तिच्याच वेगाने सगळे चालले.

पाषाण रोडला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या बाजूला लागलो आणि खांदे आपोआप सैल झाले. मोठमोठी जुनी झाडं, वर फांद्यांची कमान, आणि खाली ऊन फक्त कवडशांपुरतं. बाणेर रोड आणि पाषाण रोड एकाच विद्यापीठ चौकात येऊन मिळतात. शहर तेच, महापालिका तीच, वेळही जवळपास तीच. तरी एका रस्त्यावर माणूस घेरी येऊन बसतो आणि दुसऱ्यावर गाणं गुणगुणतो.

हवामान खातं जो आकडा देतं तो सावलीतला असतो. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत तापमापक ठेवून तो घेतात. आपल्या शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसचा, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयाचा, आकडाही तसाच. म्हणजे बातमीत 'पुणे ४० अंश' आलं, तर ते सावलीतले ४०. उघड्या डांबरावर पायडल मारणाऱ्याच्या, हातगाडी ढकलणाऱ्याच्या, बसथांब्यावर ताटकळणाऱ्या आजींच्या वाट्याला येतं ते यापेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून मला मनापासून वाटतं की सायकल ट्रॅकची चर्चा आपण उलट्या टोकाकडून करतो आहोत. महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, त्याचा मला आनंदच झाला होता. पण लाल-हिरवा रंग मारलेला पट्टा भर उन्हात असेल, तर मार्च ते जून तो कुणाच्या कामाचा? शाळेची मुलं सायकलवर यावीत असं वाटत असेल, तर आधी झाडं वाचवा आणि ट्रॅक त्यांच्या सावलीतून काढा. रस्ता रुंद करताना सर्वांत आधी कडेचीच झाडं जातात आणि बदल्यात लावलेली रोपं कुठेतरी टेकडीवर, भलत्याच जागी असतात. त्यांची सावली सिग्नलला उभ्या माणसाच्या डोक्यावर कशी पडणार?

२०२१ मध्ये राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला 'प्राचीन वृक्ष' म्हणून संरक्षण मिळालं आणि असं झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावणं बंधनकारक झालं. तरतूद चांगली आहे. पण ऐंशी वर्षांच्या वडाची छाया ऐंशी रोपं पुढची कित्येक वर्षं देऊ शकत नाहीत. तो वड वाचवणं हाच खरा उपाय.

झाड तोडायच्या आधी त्याच्यावर नोटीस लावतात आणि लोकांच्या हरकती मागवतात. साधा कागद असतो, जाता-येता कुणी वाचत नाही. सायकलवाल्यांना तो दिसतो, कारण आपण हळू जातो आणि त्याच बुंध्याशी पाणी प्यायला थांबतो. तुमच्या भागात अशी नोटीस दिसली तर तिचा फोटो, रस्त्याचं नाव आणि हरकतीची शेवटची तारीख खाली कमेंटमध्ये टाका. हरकतीचा मसुदा मी लिहून देते. सह्यांसाठी आमचा ग्रुप घरोघरी फिरायला तयार आहे.