पेटीवाल्यांची पत्रिका

"तुला उघडता येत नाही, असं सरळ सांग की!"

रात्रपाळी करून आल्यावर, पोह्यांवर जिरावन भुरभुरताना, माझ्याच घरात हे ऐकून घ्यावं लागलं. बोलणारे शेजारचे काका. मी सायबर सिक्युरिटी ॲनालिस्ट, इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर एका आयटी कंपनीत. पगार याच कामाचा मिळतो.

काकांना व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली होती आणि ती 'उमटत' नव्हती. फाइलच्या शेपटाला डॉट एपीके. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते, फार तर सनईवाला व्हिडिओ. एपीके म्हणजे अख्खं ॲप. ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, ओटीपी परस्पर भामट्याकडे धाडतं, आणि तीच पत्रिका आपल्या नंबरावरून साऱ्या गोतावळ्याला जाते. २०२४च्या लग्नसराईत पोलिसांनी याबद्दल इशारे दिले होते. हे सगळं मी सांगितलं. काकांनी शेव मागितली.

"अरे, ओळखीच्या माणसाची आहे. भजनी मंडळातले पेटीवाले."

पेटीवाले सत्तरी ओलांडलेले, बँकेतून निवृत्त, आजन्म ब्रह्मचारी. मला वाटलं, जिंकलो!

"काका, ते एकटे राहतात. त्यांच्याकडे लग्न कोणाचं असणार?"

"म्हणूनच तर उघडायचीय!"

काकांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज खाली आला. "हल्ली अभंग कुठलाही असो, पेटीवर यमनच. कलप लावतात. आणि मंडळात त्या नव्या बाई आल्यात ना, झांजवाल्या..."

"काका, त्यांचा फोन हॅक झालाय."

"कसा होईल? फोन पिशवीत असतो. पिशवीला चेन आहे."

"मग त्यांनाच फोन करून विचारा."

"काय विचारू? 'तुमचं लग्न आहे का हो?' शोभतं का हे या वयात? माणसानं मानानं पत्रिका पाठवलीय, आपण वाचावी."

मग ते 'उघडता येत नाही'वालं वाक्य आलं. आमची आई हसली, तेही मी लक्षात ठेवलंय.

ऑफिसात तरी काय वेगळं चालतं? रात्रभर अलर्टांचा पाऊस, त्यातले बहुतेक खोटे. पण खरा कोणता ते उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. बघायला उशीर झाला की एसएलए, म्हणजे क्लायंटला दिलेला वेळेचा शब्द, मोडला. २०२२पासून सर्ट-इनचा, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा, नियम आहे, घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची. आमच्याकडे ६ तास 'ही घटना म्हणायची का' यावरच्या कॉलमध्ये जातात. क्लायंटच्या एका साहेबांनी तर आमच्या चाचणीच्या फिशिंग मेलवर, म्हणजे मुद्दाम धाडलेल्या फसव्या मेलवर, क्लिक केलं आणि मेल अपमानकारक होती म्हणून तक्रार केली. माफी कोणी मागितली? आम्ही. महिना शांत गेला की तोच क्लायंट विचारतो, माणसं कमी केली तर? आणि काही घडलं की पहाटे ३ वाजता कॉलवर पहिला प्रश्न, "तुम्ही बघत काय होता?" खरंच सांगतो, चीड येते.

काका मात्र तोवर गल्लीच्या टोकाच्या मोबाइल दुकानात पोचले होते. मी चपला सरकवून मागे. तिथला पोरगा आत्मविश्वासानं म्हणत होता, "अंकल, अननोन सोर्स अलाउ करना पड़ेगा," आणि त्यानं केलंही. मी ओरडायच्या आत फोननंच नकार दिला. स्टोरेज फुल! काकांनी जपलेल्या सुप्रभातच्या गुलाबांनी आणि गणपतींनी जे केलं, ते माझ्या डिग्रीला जमलं नाही.

"पचास रुपये, खाली कर देता हूँ," पोरगा म्हणाला.

मी फोन ओढला, फाइल उडवली, सेटिंग बंद केलं. काकांना म्हटलं, पेटीवाल्यांना घरी जाऊन सांगा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा म्हणावं.

काका माझ्याकडे बघतच राहिले. "अरे, कार्यालय कुठलं, तेवढं तरी बघायचंस!" मग पोराकडे वळून, "क्यों भिया, डिलीट हुआ वापस आता है?"

"आ जाएगा अंकल. सौ लगेंगे."

काकांनी पाकीट काढलं.