भांडण जमातीचं का तिजोरीचं?

लातूरला गंजगोलाईत चहा घेता घेता केनियातल्या निवडणुकांमधल्या हिंसाचाराचा विषय निघाला आणि मास्तर अडून बसले. "मतं जमातीवर पडली की रक्त सांडणारच. किकुयू इकडं, लुओ तिकडं. नियम बदलून काय व्हायलंय?"

"मग 2013 ला का नाही सांडलं 2007 एवढं?" वकीलसाहेब. "केन्याटा 50.07 टक्क्यांवर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, अगदी काठावर. विरोधातले लुओ नेते ओडिंगा कोर्टात गेले, हरले, निकाल मानला."

"कारण 2007 ला एकमेकांवर तुटून पडलेले किकुयू आणि कालेंजिन तेव्हा एका युतीत होते! किकुयूंचे केन्याटा आणि कालेंजिनांचे रुटो."

हा मुद्दा खोडता येत नाही. पण लुओ तर युतीबाहेरच होते, ते रस्त्यावर का आले नाहीत? वकीलसाहेबांनी 2007 चं उलगडून सांगितलं. निवडणूक आयुक्त नेमताना विरोधकांना विचारायचं, असं 1997 ला ठरलं होतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष किबाकींनी ते मोडून आपली माणसं बसवली. 30 डिसेंबरला किबाकी जिंकल्याचा निकाल जाहीर झाला आणि त्याच संध्याकाळी शपथविधीही उरकला. निवडणूक याचिका वर्षानुवर्षं पडून राहायच्या. मग हरलेल्यानं दाद मागायची कुठं? 1,100 च्या वर माणसं मेली, लाखो घराबाहेर पडली.

2010 च्या घटनेनं तारखा बांधून दिल्या. राष्ट्राध्यक्षाच्या निकालावर 7 दिवसांत याचिका, पुढच्या 14 दिवसांत सुप्रीम कोर्टाचा निर्णय, तोवर शपथ नाही. 2017 ला कोर्टानं निवडणूकच रद्द केली.

"आणि फेरनिवडणुकीवर ओडिंगांनी बहिष्कार टाकला. गोळीबारात माणसं मेलीच की," मास्तर.

मेली, खरंय. कोर्टाच्या तारखेनं पोलिसांची बंदूक थांबत नाही.

इतका वेळ गप्प असलेले अण्णा आता बोलले. "खरी गोष्ट पैशाची हाय. हरलेल्या भागाला काय मिळतं ते सांगा." इथं चर्चा लई रंगली. केनियात 47 काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे भाग, प्रत्येकीला निवडून आलेला गव्हर्नर आणि महसुलातला किमान 15 टक्के वाटा, आकड्यासकट घटनेत. नैरोबीची गादी गेली तरी लुओबहुल किसुमू काउंटीचा कारभार लुओंच्या हातात राहतो. म्हणजे एका निवडणुकीत सगळंच पणाला लागत नाही. खोट एवढीच, की 15 टक्के मोजायचे ते संसदेनं मंजूर केलेल्या शेवटच्या लेखापरीक्षित हिशेबावर. मंजुरी रखडली की जुन्याच आकड्यावर भागवायचं.

"आणि आपलं? विदर्भ-मराठवाड्याच्या विकास मंडळांचं कलम 371(2) पण घटनेतच हाय ना?"

"आहे अण्णा, पण त्यात टक्का नाही," वकीलसाहेब म्हणाले. "राष्ट्रपती आदेश काढू शकतात, एवढंच. तसा आदेश निघाला म्हणून 1994 ला मराठवाड्याचं विकास मंडळ झालं, आणि 30 एप्रिल 2020 ला मुदत संपली तसं ते गेलं. केनियातल्या काउंटीचा वाटा असा मुदत संपून जात नाही."

मास्तरांना हे पटलं, पण अर्धंच. गव्हर्नरही जमातीवरच निवडून येणार, आणि काउंटीतल्या लहान जमातीचं मग काय, हा त्यांचा प्रश्न. त्याला वकीलसाहेबांकडंही उत्तर नव्हतं.